सासर गाण्यातलं, मी बिनगाण्याचा

बहिरा_जावई (रविवार, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलो. आज घरात अबोला आहे आणि झोप येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी नागपूरचा, राहायला त्रिमूर्तीनगर, पोटापाण्याला हिशेब तपासायचं काम. सासर लक्ष्मीनगरातलं आणि गाण्यातलं. सासरे पेटी वाजवतात, मेव्हणा तबल्यावर, बायको विशारद. त्यांच्या हॉलमध्ये सोफा नाही, गाद्या-लोड आहेत. टीव्ही आतल्या खोलीत, लपवल्यासारखा. वर्षातून तीन-चारदा घरगुती बैठक होते, पन्नासेक माणसं येतात.

मला गाण्याचं वावडं नाही. लागलं तर ऐकतो. पण गाडीतला रेडिओ बंद पडून तीन महिने झालेत, हे मला मेकॅनिकनं सांगितलं. गाणं नसलं तर उणं काही वाटत नाही, एवढंच.

आज संध्याकाळी बैठक होती. गाणाऱ्या बाई बाहेरगावच्या. तासभर एकच राग. मी मागे भिंतीला टेकून. खोटं कशाला बोलू, पहिली वीस मिनिटं बरं वाटलं, मग मनातल्या मनात एका पार्टीचा जीएसटी जुळवून टाकला. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते मला पुढच्यांच्या मुंड्या हलल्या की कळतं. मध्यंतरात चहा घेत होतो, तर सासऱ्यांचे एक स्नेही जवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय जावईबापू, मारवा कसा वाटला?" मी म्हटलं, "सुंदर! आज मारवा फारच लागला." ते जरा थांबले आणि खोलीभर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पूरिया होता तो!"

हशा. सासरेही हसले. मेव्हण्याच्या कपातला चहा सांडला.

माटे चौक येईस्तोवर बायको काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला कळलं नाही त्याचं मला काहीच नाही. 'फारच लागला' हे कशाला?"

तर विचारायचं हे की, ज्याची गोडी बेताची आहे अशा माणसानं गाण्यातल्या लोकांत वागावं कसं? आणि 'मला फारसं काही वाटत नाही' असं म्हणायची इतकी चोरी का?

खामला_किंग (रविवार, रात्री ११:५८)

अबे भाऊ, तू काहून टेन्शन घेऊन रायला? माह्या सासऱ्याले क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नाही. मी त्याले कधी चारचौघांत विचारलं का, का मामाजी हा गुगली होता का फ्लिपर? माणूस जेवाले बोलावला का परीक्षेले?

अवांतर: खायला काय होतं ते लिहिलंच नाही.

बहिरा_जावई (सोमवार, ००:०३)

सांबारवडी. ती मात्र मला पूर्ण कळली.

विलंबित (सोमवार, सकाळी ७:२०)

स्पष्ट लिहितो, राग येईल.

त्या स्नेह्यांनी केलं ते अशोभनीय, वाद नाही. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. 'आपल्याला बुवा क्लासिकल कळत नाही' हे वाक्य हल्ली लोक छातीवर बिल्ल्यासारखं लावून फिरतात, त्यात लाज तर सोडाच, एक प्रकारची ऐट असते. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात कार्यक्रमाला जाऊन बघा. पासेस फुकट मिळाले म्हणून आलेली मंडळी आलाप चालू असताना वेफर्सचा पुडा फोडतात. शेवटच्या भैरवीच्या आधी निम्मी रांग उठते, कारण पार्किंगमधून गाडी निघाली पाहिजे. यांना कोणी टोकलं की टोकणारा शिष्ट!

कान तयार करावा लागतो. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. तेवढं थांबायची सवय नसेल तर गाणं कंटाळवाणं नाही, ऐकणारा उतावळा आहे. जीएसटी जुळवणाऱ्यानं भिंतीला टेकून एक जागा अडवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

खामला_किंग (सोमवार, सकाळी ७:४१)

घरी बसला तर 'जावई आले नाहीत' म्हणून वेगळा राग आळवतील ना भाऊ.

पेटीवाली_ताई (सोमवार, दुपारी २:१५)

मी शाळेत संगीत शिकवते आणि घरी पेटीच्या शिकवण्या घेते. जावईबापू, तुम्हाला विचारलेला प्रश्न हा प्रश्न नव्हताच, सापळा होता. कसा, ते सांगते.

मारवा आणि पूरिया, दोन्हींत स्वर तेच सहा: सा, कोमल रे, ग, तीव्र म (मध्यम), ध, नि. पंचम (प) दोघांतही नाही. वेळही जवळजवळ तीच, दिवेलागणीची. त्यात सोहनी धरली तर एकाच स्वरांची तीन भावंडं. मग फरक कुठे? मारव्यात कोमल रे आणि ध यांची सत्ता असते. सा वर यायचंच टाळतात, म्हणून ऐकताना सारखं अधांतरी वाटतं. पूरियात ग आणि नि कर्ते, आणि राग खालच्या-मधल्या सप्तकात रमतो. सोहनी वरच्या सा भोवती खेळते. मी मुलांना सांगते, घरात तीच सहा माणसं, फक्त कोणाचं चालतं त्यावरून घर बदलतं. हे दोन राग वेगळे ठेवताना शिकणाऱ्यांची दमछाक होते. म्हणजे त्या गृहस्थांनी मुद्दाम अशी जागा निवडली, जिथे पाय घसरणारच. ज्याला खरोखर ऐकवायचं असतं तो 'ग कडे लक्ष ठेवा, सारखी तिथे येऊन थांबते' एवढं कानात सांगतो आणि गप्प बसतो.

आणि सासरे पेटीवाले ना? मग त्यांना उच्चभ्रूपणाचा इतिहास वेगळा सांगायला नको. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. कारण काय, तर पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिच्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधल्या बारीक जागा) सापडत नाहीत, वर ती विलायती. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं घरोघरच्या भजनात, शाळांत, नाटकांत पेटी वाजत होती आणि रेडिओच्या दारात मात्र तिला चप्पल काढून बाहेर उभं राहावं लागत होतं. हरकत तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती बरं का. पेटीतून मींड निघत नाहीच. तरी बंदी चुकीची होती.

महालातला_म्हातारा (सोमवार, रात्री ९:०५)

पेटीवाली ताई, तुम्ही रेडिओचा विषय काढलात म्हणून बोटं शिवशिवली. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझ्या लहानपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, बाळकृष्ण केसकर नावाचे आपलेच मराठी गृहस्थ दिल्लीत नभोवाणी मंत्री होते. १९५२ ते ६२, चांगली दहा वर्षं. सिनेमाची गाणी म्हणजे जनतेची रुची बिघडवणारी गोष्ट, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास गायब झालं आणि शास्त्रीय संगीताचे तास वाढले. लोकांना चांगलं ऐकवा, लोक आपोआप सुधारतील!

लोकांनी काय केलं? सुई फिरवली. रेडिओ सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं, खरखर, मधेच लाट आल्यासारखा आवाज मोठा-लहान. १९५२ पासूनच तिथे बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला. आमच्या वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात होता. बुधवारी त्यांच्या ओसरीवर आम्ही दहा-बारा पोरं आणि जिन्यात बायका. तेच घरमालक शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लावायचे तेव्हा ओसरीवर ते आणि त्यांची मांजर. शेवटी सरकारनंच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली, गेलेला श्रोता परत आणायला.

पण गंमत ऐका. त्या मांजरासोबत कधी कधी मीही बसायचो. मला कोणी बस म्हटलं नव्हतं, ऊठही म्हटलं नव्हतं. आज ऐंशीला टेकलो, रोज पहाटे काहीतरी ऐकतो. माझा सख्खा भाऊ त्याच वाड्यात वाढला, त्याला सनई आणि भोंगा सारखाच. आम्ही दोघं भांडलो ते जागेवरून, गाण्यावरून कधी नाही.

धुमाळवाला (सोमवार, रात्री १०:३०)

वाचून राहिलो सकाळपासून. मी धुमाळ पार्टीत कीबोर्ड वाजवतो. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी, वरातीत, गणपतीत, मिरवणुकीत गाडीवर ढोल-ताशे, पॅड, बेंजो, भोंगे लावून वाजते ना, ते. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही तिथं असतो.

आमच्या वाजवण्याला 'गोंगाट' म्हणणारे लोक आम्ही बहुत पाहिले. त्यांच्याच पोराच्या वरातीत तेच मामा-काका गाडीसमोरून हटत नाहीत. "अजून एक, अजून एक" म्हणतात. आमचं पण शास्त्र आहे. लोक कधी थकले ते पाहून गती खाली आणावी लागते, एकदम आणली तर गर्दी फुटते. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठेका तुटला नाही पाहिजे. चौकात ट्रॅफिक अडलं तर तेच तेच पंधरा मिनिटं वाजवून कंटाळा येऊ द्यायचा नाही. हे कोणत्या विशारदच्या परीक्षेत विचारतात?

हां, पण डीजे म्हणजे काय संगीत नाही. पेनड्राइव्ह टोचला न् आवाज वाढवला. तो काय वाजवणारा झाला?

निशिगंध (सोमवार, रात्री १०:३४)

धुमाळवाले भाऊ, शेवटचा परिच्छेद परत वाचा. विलंबित यांची सही चालली असती त्याखाली.

धुमाळवाला (सोमवार, रात्री १०:५२)

😄 वाचला. राहू द्या. मत बदललं नाही.

इंदोऱ्याची_लेक (मंगळवार, सकाळी ११:१०)

'गाण्यातलं सासर', 'गाण्यातले लोक' असं धाग्यात आलं, त्यावर थोडं.

माझ्या पहिल्या नोकरीत एक वरिष्ठ बाई होत्या, स्वभावानं खरंच चांगल्या. एकदा डबा खाताना म्हणाल्या, "तुमच्याकडे गाण्याचं वातावरण नसेल ना फारसं?" माझ्या आजीला लोककवी वामनदादा कर्डकांची किती गाणी पाठ होती, मोजलं नाही कधी. तिला अक्षरओळख नव्हती. बाबासाहेबांचं चरित्र तिला गाण्यांतून ठाऊक झालं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवरून येताना आम्ही दोन वस्तू आणायचो, पुस्तकं आणि कॅसेटी. एप्रिलच्या जयंतीआधी महिनाभर गल्लीत तालमी, एक ढोलकी, एक पेटी, कोरसला आम्ही पोरी. आमच्या घरात गाणं नाही असा दिवस मला आठवत नाही.

पण बाईंच्या हिशेबात ते 'वातावरण' नव्हतं. कारण त्यात तानपुरा नव्हता, आणि दुसरं कारण त्यांनाही ठाऊक होतं नि मलाही. मी त्यांना "नाही हो, फारसं नाही" म्हणाले. चोवीस वर्षांची होते. जावईबापूंनी 'फारच लागला' म्हटलं ना, ते मला म्हणून कळलं. उलट्या दिशेनं मीही तेच केलं होतं.

विलंबित (मंगळवार, दुपारी १:४०)

इंदोऱ्याची_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'वातावरण' हा शब्द मीही असाच वापरत आलो आहे, हे कबूल. यापुढे जपून वापरीन.

वेफर्सच्या पुड्याबद्दल मात्र एक अक्षर मागे घेत नाही.

पेटीवाली_ताई (मंगळवार, दुपारी १:५५)

वेफर्सवर तुमच्या बाजूनं. आवडणं-न आवडणं ज्याचं त्याचं. पुडा न वाजवणं सगळ्यांचं.

धरमपेठी (मंगळवार, दुपारी ४:००)

एक आठवण करून देतो. घराण्याचा ताठा माणसाचं काय करतो यावरचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं नाटक नागपूरच्याच माणसानं लिहिलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांची 'कट्यार काळजात घुसली', १९६७. त्यात खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, विदर्भातले, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. पुढे त्यांनी इतक्या ठिकाणी जाऊन विद्या घेतली की नेमकं घराणं कोणतं हे सांगायची पंचाईत. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, सगळं गायले. वर्षानुवर्षं नोकरी होती लष्कराच्या हिशेब खात्यात. जावईबापू, हिशेबनीस म्हणून कमीपणा मानू नका.

खामला_किंग (मंगळवार, दुपारी ४:०६)

म्हणजे जीएसटी जुळवता जुळवता हा गाऊ पण लागन. वहिनीले सांगून ठेवा.

डॉ_चहाटळ (मंगळवार, रात्री ८:२५)

थोडं विज्ञान. २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. काही निरोगी माणसांना संगीतातून सुख होतच नाही, असं त्यांना आढळलं. या लोकांना सूर वेगळे ओळखता येतात, गाणं दुःखी आहे की आनंदी हेही सांगता येतं. पैसे जिंकायच्या खेळात त्यांच्या नाडीचे ठोके इतरांसारखेच वाढतात, घामानं त्वचेत होणारे सूक्ष्म बदलही दिसतात. गाणं लावलं की मात्र सगळं सपाट. म्हणजे मेंदूची सुखाची यंत्रणा धडधाकट, फक्त गाण्याची तार तिथपर्यंत पोचलेली नाही. असे लोक शंभरात तीन ते पाच असावेत असा अंदाज आहे. सूरच न ओळखता येणं ही याहून वेगळी गोष्ट.

हा आजार नाही. पण आपल्याकडे 'ज्याला गाणं आवडत नाही तो माणूस कसला' हे इतकं सहज म्हणतात, की अशा माणसानं बोलायचं कुठे?

बहिरा_जावई (मंगळवार, रात्री ९:४०)

डॉक्टरसाहेब, आभार, पण मला त्या तीन-पाच टक्क्यांत बसवू नका. मामाच्या गावी, मोझरीजवळ, सामुदायिक प्रार्थनेनंतर तुकडोजी महाराजांची भजनं व्हायची. ती खंजिरी कुठूनही ऐकू आली तर आजही मी थांबतो. थांबतो म्हणजे गाडी बाजूला घेतो. पण तेवढंच. घरी येऊन यूट्यूबवर शोधावं, रोज ऐकावं असं होत नाही. मला संगीत आवडत नाही असं नाही, रोज लागत नाही. काही लोक कसे, सणाला पुरणपोळी झाली की वर्षभर नाव काढत नाहीत, तसं. मी आपला मध्यम. मध्यम असण्याला कोणी नाव ठेवलेलं दिसत नाही, म्हणून ना इकडचे धरतात ना तिकडचे.

महालातला_म्हातारा (मंगळवार, रात्री १०:१५)

मध्यमाला नाव आहे की. तुमच्या पूरियात तो तीव्र असतो. 🙂

निशिगंध (मंगळवार, रात्री १०:२०)

काका!! 👏

बरं, अबोला सुटला का?

बहिरा_जावई (शुक्रवार, रात्री १०:३०)

उशिरा लिहितोय, महिनाअखेर होती.

अबोला सोमवारीच सुटला, भाजी कोणती आणू यावरून. धागा मी बायकोला वाचायला दिला. पेटीवाली ताईंचा सहा माणसांचा दाखला तिला फार आवडला, तिच्या शिकवणीत वापरणार आहे. विलंबित यांचा 'घरी बसलेलं बरं' हा सल्ला वाचून म्हणाली, "बरोबर बोलताहेत." मला वाटलं उपरोध आहे. नव्हता. म्हणाली, तू मागे बसलेला असलास की माझं अर्धं लक्ष तुझ्याकडे असतं, हा कंटाळला का, पाय अवघडले का. चार वर्षांत एक बैठक मी धड ऐकली नाही.

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी समजत होतो, मी तिच्यासाठी बसतोय.

सासऱ्यांनाही विचारलं, तुम्ही का हसलात. ते म्हणाले, "सवयीनं." बराच वेळ पेटीचा भाता पुसत बसले, मग म्हणाले, "त्यानं मला १९८८ साली असाच पाडला होता. श्री की पूरिया धनाश्री." मेव्हण्यानं सॉरी म्हटलं नाही, पण सांबारवडीचा डबा पाठवला.

तर ठरलं असं की, पुढच्या बैठकीला मी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, सतरंज्या घालायच्या, आणि गाणं सुरू झालं की सुटायचं. शेवटी तिला न्यायला यायचं. मधले दोन-अडीच तास माझे. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. परवा सहज चहावाल्याला विचारलं, तर म्हणे, त्या घरी गाणं असलं की दोघं-तिघं तुमच्यासारखे येऊन बसतातच, एक तर गेली सहा वर्षं येतोय.

खामला_किंग (शुक्रवार, रात्री १०:३३)

कोणती टपरी बे? तारीख सांग. पत्ते मी आणतो.